पिंजरा सारखा धुऊनही उंदरांचा वास परत येतो, तेव्हा

घरात दोन-तीन पाळीव उंदीर असतात. रविवारी पिंजरा पूर्ण रिकामा करून, घासून, फिनेल मारून, उन्हात वाळवून परत लावला जातो. सोमवारी घर छान असतं. मंगळवारी संध्याकाळी दार उघडलं की नाकात झिणझिण्या आणणारा तोच वास. मग आठवड्याऐवजी दिवसाआड धुणं सुरू होतं, आणि वास जायच्या ऐवजी आणखी लवकर परत यायला लागतो. त्यात एखादा उंदीर शिंकतो, नाकाच्या शेंड्यावर लालसर काहीतरी दिसतं, आणि घरातली मोठी माणसं "सोडून या कुठेतरी" म्हणायला लागतात.

मला हा प्रश्न इतक्यांनी विचारलाय की एकदा नीट सगळं लिहून काढायचं ठरवलं. पहिल्या वर्षी मीही हेच करत होते. पुण्यात तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, आणि जिरू व तिळ्या हे दोन नर. तेव्हा आई आठवडाभर राहायला आली होती. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अगं, एवढं सारखं धुतेस आणि तरी वास येतोच. म्हणजे धुण्यातच काहीतरी चुकतंय." ती उंदरांच्या जवळही जात नव्हती, पण नेमकं तेच बोलली.

आधी वास कुठला ते ओळखा

उंदराच्या अंगाला स्वतःचा एक वास असतो. निरोगी मादीच्या मानेशी नाक नेलं तर उन्हात तापलेल्या धान्याच्या पोत्यासारखा ऊबदार वास येतो. नराचा वास जरा तेलकट, उग्र. मोठ्या नराच्या पाठीवर केस बाजूला केले तर कधी केशरी-तपकिरी कोंडा दिसतो. तो अंगच्या तेलाचा असतो, तो काही रोग नव्हे. हे वास राहणारच. ते ज्यांना अजिबात चालत नाहीत त्यांनी नर पाळू नयेत, एवढंच.

डोळ्यांत आणि नाकात झोंबणारा वास वेगळा. तो अमोनिया. ताज्या मुतात तो फारसा नसतो. मुतातल्या युरियावर जिवाणू काम करतात, तेव्हा तो सुटतो. ओल आणि ऊब मिळाली की हे काम भराभर चालतं, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये तक्रारी वाढतात. आपलं नाक या वासाला पटकन सरावतं, त्यामुळे घरातल्या माणसाचा निवाडा धरू नये. बाहेरून आल्याबरोबर, हातातली पिशवीही न ठेवता पिंजऱ्यापाशी जा, गुडघे टेका आणि तळाच्या ट्रेच्या उंचीला पहिला श्वास घ्या. उंदीर त्याच उंचीवर चोवीस तास श्वास घेतात, आपलं नाक पाच फूट वर असतं.

इथे मी एवढी अडून बसते त्याला कारण आहे. बहुतेक पाळीव उंदरांच्या श्वासमार्गात मायकोप्लाझ्मा पल्मोनिस नावाचा जिवाणू मुक्कामाला असतो. तो आयुष्यभर गप्पही राहू शकतो. अमेरिकेत झालेला एक अभ्यास १९७६ साली प्रसिद्ध झाला. त्यात या जिवाणूची लागण असलेल्या उंदरांना दहा लाख भाग हवेत २५ ते २५० भाग अमोनिया अशा हवेत ठेवलं, तर त्यांचा श्वसनाचा आजार बळावला. म्हणजे वासाचा प्रश्न पाहुण्यांपुढच्या लाजेपेक्षा फार मोठा आहे. त्यांच्या फुफ्फुसांचा तो प्रश्न आहे.

धुतल्यावर ते जास्त का मुततात

उंदराची नजर कमकुवत असते. पांढऱ्या, लाल डोळ्यांच्या उंदरांची तर फारच. अंतराचा अंदाज घ्यायला ते मान डावी-उजवीकडे डोलवतात, ते नव्या माणसाला विचित्र वाटतं. त्याचं घर नाकावर उभं असतं. चालताना तो पोट किंचित टेकवून मुताचे बारीक थेंब सोडत जातो. तो नर की मादी, घरातला की परका, कुठल्या अवस्थेतला, हे बाकीचे उंदीर त्या थेंबांवरून जाणतात. नर हे जास्त करतात, पण माद्याही करतात.

आता आपण काय करतो? ती सगळी लिखापढी एका दुपारी पुसतो आणि वर फिनेलचा उग्र वास लावतो. उंदरांच्या लेखी ते परक्याचं घर झालं. एका रविवारी धुतलेला पिंजरा लावून मी समोर बसून राहिले. जिरूने बाहेर येऊन आधी हवा हुंगली, मग वरच्या फळीची कड, पाण्याच्या बाटलीची नळी, झोळीचे चारही बंद, शिडीची पायरी न् पायरी असा फिरत गेला. मागे मोहरीएवढ्या थेंबांची ओळ उमटत होती. दहा मिनिटांत अर्धा पिंजरा झाला. मग तिळ्या आला आणि त्या थेंबांवर आपले थेंब टाकत गेला. त्या दिवशी मला कळलं की दर रविवारी मीच त्यांना हे काम लावत होते.

हे वागणं पिंजऱ्यात जन्मून विसरलं जात नाही. आपले पाळीव उंदीर रॅटस नॉर्वेजिकस या तपकिरी उंदराचे वंशज आहेत. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या मॅन्युएल बर्डॉय यांनी प्रयोगशाळेत वाढलेले उंदीर एका मोठ्या मोकळ्या कुंपणात सोडून पाहिले होते. त्यांनी आसरा शोधला, पाणी शोधलं, पुढे येण्याजाण्याच्या वाटा पाडल्या, बिळं खणली. त्यांच्या आधीच्या पिढ्यांनी माती पाहिलीही नव्हती. पाळीव उंदराचं घर मांडताना मी हे सतत डोक्यात ठेवते.

वास नेमका कुठे साठलाय ते शोधा

पिंजरा धुण्याआधी एक दिवस शोधाला द्या. पिंजऱ्यातली एकेक वस्तू वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, तासाभराने एकेक पिशवी उघडून वास घ्या. आठ पिशव्यांपैकी दोन-तीन अशा निघतात की चेहरा मागे घ्यावा लागतो, आणि बाकीच्या अगदी बऱ्या असतात. म्हणजे वास सगळ्या पिंजऱ्याला नसतो, दोन-तीन वस्तूंत असतो. दुसरी युक्ती रात्रीची. खोटी नोट ओळखायचा जांभळट उजेडाचा छोटा टॉर्च मिळतो, तो दिवे बंद करून पिंजऱ्यावर फिरवा. वाळलेलं मूत फिकट चमकतं. उंदरांच्या डोळ्यांवर मात्र तो पाडू नका, त्यांना आधी दुसरीकडे हलवा.

माझ्याकडे तीन दोषी सापडले. पहिली, सुताराकडून आणलेली कच्च्या लाकडाची फळी. ती वरून कोरडी दिसायची, पण लाकूड मूत पितं आणि पाण्याने धुतलं की आणखी आत ढकलतं. दुसरं, लपायला ठेवलेलं मातीचं आडवं मडकं. उन्हाळ्यात थंड म्हणून किती प्रेमाने आणलेलं, पण बिनचकाकीची मातीही तसंच शोषते. तिसरी मला बरेच दिवस सापडत नव्हती: पिंजऱ्याची जाळीच. फॅब्रिकेटरकडून पिंजरा करून घेतला की तो बहुधा जस्ताचा थर दिलेली वेल्डमेश लावतो. ती मुताने खाल्ली जाते, जोडांवर पांढरट-तपकिरी खपली धरते आणि तिथला वास निघत नाही. त्यावर पावडर कोटिंग करून घ्या. थोडे पैसे जास्त पडतात, पण मग कापडाने पुसलं की स्वच्छ.

लाकूड हवंच असेल तर जांभळाच्या किंवा पेरूच्या फवारणी न केलेल्या फांद्या द्या आणि वास लागला की टाकून द्या. दात जन्मभर वाढत असतात, कुरतडायला काहीतरी लागतंच. फळी मात्र प्लास्टिकची किंवा कोटिंग केलेल्या पत्र्याची.

फळीवर अंथरायला घरात सहज मिळतं ते जुनं टॉवेल नाहीतर आजीचं सुती पातळ. दोन्ही नकोत. टॉवेलच्या फासात नख अडकतं, सुताचा धागा बोटाला गुंडाळला जाऊन बोट काळं पडलेलं मी पाहिलंय. फ्लीस, म्हणजे पांघरुणाचं मऊ, कृत्रिम धाग्याचं कापड, बरं. त्याचे धागे निघत नाहीत. पण फ्लीस तीन दिवसांच्या पुढे ठेवलं की तेच वासाचं घर होतं, हेही खरं.

दगड

या सगळ्यात सर्वांत जास्त उपयोग झाला तो एका गोट्याचा. उंदरांना लेंड्यांसाठी एक कोपरा ठरवायची सवय मुळातच असते. आठवडाभर बघा, ते कुठला कोपरा धरतात, आणि लेंड्यांसाठीचा वेगळा छोटा ट्रे तिथेच ठेवा. आपल्याला सोयीच्या कोपऱ्यात ठेवलेला ट्रे ते मानत नाहीत. लेंड्या उचलून ट्रेमध्ये टाकत गेलात की बरेचसे शिकतात. मुताचं तसं नसतं, ते कुठेही होतं. पण ट्रेच्या मधोमध नदीतला एक गुळगुळीत, मुठीएवढा, चपटा गोटा ठेवला तर बहुतेक उंदीर त्यावर चढून मुततात. मी नदीकाठून आणलेला गोटा उकळून घेतला, ट्रेमध्ये ठेवला, आणि त्यांच्या जुन्या फडक्याने एकदा पुसला, म्हणजे त्यांचाच वास लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी गोटा ओला होता. सगळं मूत तिथे जात नाही, थेंबांच्या ओळी चालूच राहतात, पण ट्रेबाहेर साठणारी ओल निम्म्याहून कमी झाली. रोज सकाळी गोटा गरम पाण्याखाली धरायचा. साबण नको, किंचित वास राहू द्यायचा. तेवढ्यावरून त्यांना जागा कळते.

मग धुवायचं कसं

पाळीपाळीने. एका वेळी सगळं कधीच नाही. ट्रे रोज रिकामा, गोटा रोज धुवायचा. फ्लीस तिसऱ्या दिवशी, पण वरच्या मजल्याचं एका दिवशी आणि खालच्याचं दुसऱ्या दिवशी. झोळ्या आठवड्यातून दोनदा, त्यातही एक जुनी राहू द्यायची. तळाचं अंथरूण आठवड्याला अर्धं काढायचं. महिन्यातून एकदा मोठी धुलाई, आणि तेव्हाही झोपण्याच्या जागेतलं मूठभर जुनं, कोरडं अंथरूण परत घरट्यात ठेवायचं. हे मूठभर विसरू नका.

मुताचे पांढरे खडे साध्या व्हिनेगरने सुटतात. निम्मं पाणी, निम्मं व्हिनेगर, दहा मिनिटं राहू द्या, पुसून घ्या, कोरडं करा. फिनेल बंद. ब्लीच मुताच्या ओलीवर कधीही ओतू नका. अमोनिया आणि ब्लीच मिळून विषारी वायू होतो, तुम्हालाही तो घातकच. व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र करणंही तितकंच वाईट. वास झाकायला अगरबत्ती, धूप, कापूर, रूम फ्रेशनर, किंवा कपाटातल्या डांबरगोळ्या पिंजऱ्यामागे ठेवणं यातलं काहीच नको. मच्छर अगरबत्ती दुसऱ्या खोलीत लावा आणि दार लावून घ्या.

हा बदल केल्यावर पहिले आठ-दहा दिवस वास किंचित जास्त वाटतो आणि हात शिवशिवतात. धीर धरा. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी फरक कळतो.

अंथरूण आणि जागा

सुताराकडचा फुकट भुसा आणू नका. त्यात प्लायवूड आणि एमडीएफची धूळ असते, म्हणजे गोंदातलं फॉर्मल्डिहाइड हे घातक रसायनही. चीड आणि देवदाराचा सुगंधी भुसा छान वाटतो, पण त्यातले वासाचे घटक श्वासमार्गाला आणि यकृताला त्रास देतात. मांजराची गोळे होणारी माती नको, तिची धूळ वाईट आणि पोटात गेली तर त्याहून वाईट. कागदाच्या दाबून केलेल्या गोळ्या मला सर्वांत बऱ्या वाटतात. नुसतं वर्तमानपत्र अंथरलं तर ओल वरच्या वर राहते आणि वास लवकर येतो. थर दोन-तीन इंच जाड हवा.

काचेच्या रिकाम्या फिशटँकमध्ये उंदीर ठेवलेले असतील तर वरचं सगळं करूनही वास जाणार नाही. हवा आडवी खेळत नाही, अमोनिया तळाशी साठतो. जाळीचाच पिंजरा हवा, पण तळ आणि मजले भरीव हवेत, कारण जाळीवर चालून तळपायाला फोड येतात आणि ते महिनोन्महिने बरे होत नाहीत. दर उंदराला किमान अडीच घनफूट ही जुनी मोजणी आहे. मी तिला अगदी तळाची रेघ मानते. तीन उंदरांसाठी तीन फूट लांब, दोन फूट खोल, तीन फूट उंच असा पिंजरा केला तेव्हा वासही आपोआप उतरला, तेवढंच मूत जास्त जागेत पसरतं म्हणून. गजांमधली फट माद्या आणि पिल्लांसाठी अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको, डोकं गेलं की उंदीर गेला.

आत काय, तर झोळ्या, पाइपचे तुकडे, खोके, दोऱ्या. आणि खणायला एक रुंद कुंडी. खत न घातलेली माती, वर मूठभर नाचणी पेरायची. चार-पाच दिवसांत कोंब येतात आणि मग जे खणणं चालतं ते बघत बसावं. थोडी माती बाहेर सांडते, ती झाडावी.

एकटा उंदीर ठेवू नका. माणसाने कितीही वेळ दिला तरी अंग चाटून द्यायला, अंगावर अंग टाकून झोपायला दुसरा उंदीरच लागतो. त्यांचं निम्मं बोलणं तर आपल्या कानाला लागतच नाही. खेळताना आणि गुदगुल्या केल्यावर ते साधारण ५० किलोहर्ट्झला चिवचिवतात आणि आपलं ऐकणं २० ला संपतं. दोघे मात्र एकाच लिंगाचे घ्या. पाच-सहा आठवड्यांचं पिल्लू वयात येतं, गर्भ २१ ते २३ दिवसांचा, आणि एका वेताला आठ-दहा पिल्लं सहज.

शिंका आणि लाल डाग

नवीन जागेत आल्यावर किंवा अंथरूण बदलल्यावर चार शिंका आल्या तर घाबरू नका. नाकाशी आणि डोळ्यांशी दिसणारं लाल हे बहुधा रक्त नसतं. डोळ्यामागच्या ग्रंथीचा तो स्राव असतो, त्याला पॉर्फिरिन म्हणतात. ओल्या कापसाने पुसा. दिवसभरात परत आलं नाही तर ठीक. रोज येत असेल तर तो ताणाचा किंवा आजाराचा निरोप आहे. उंदीर हातात घेऊन त्याची कूस कानाशी धरा, फोन धरतो तशी. निरोगी छातीतून काही ऐकू येत नाही. घरघर, टिकटिक, बारीक शिट्टी ऐकू आली, किंवा तो अंग फुलवून, पाठ वाकवून बसतोय आणि श्वासाला कुशी आत जातायत असं दिसलं, तर त्याच दिवशी लहान प्राणी बघणाऱ्या पशुवैद्याकडे जा. माणसाची उरलेली अँटिबायोटिकची गोळी अंदाजाने चुरून देऊ नका. उंदीर आजार लपवतो, आपल्याला दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

उन्हाळ्यात खोली तिशीच्या पुढे गेली की त्यांना त्रास सुरू होतो. घाम येत नाही, शेपटीतून उष्णता बाहेर टाकतात. शहाबादी फरशीचा तुकडा तासभर फ्रीजमध्ये ठेवून पिंजऱ्यात द्या, त्यावर ते पसरून पडतात. पिंजरा पश्चिमेच्या गॅलरीत नको. पावसाळ्यात गॅलरीत नकोच, कारण तिथे बाहेरचे उंदीर आणि घुशी येतात, आणि त्यांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस येऊ शकतो. दाणे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पिंजरा साफ केल्यावर हात साबणाने धुवा, हातावर जखम असेल तर हातमोजे घाला.

सगळं नीट करूनही वास आला तर

एक कारण उरतं, आणि ते लवकर लक्षात येत नाही: उंदीर म्हातारा झालाय. आयुष्य दोन ते तीन वर्षांचं. तिळ्या दोन वर्षं पाच महिन्यांचा झाला तेव्हा त्याचे मागचे पाय ढिले पडले. नरांत हे बरंच दिसतं. तो गोट्यावर चढू शकत नव्हता, जिथे बसायचा तिथेच ओलं व्हायचं, आणि पोटाखालचे केस पिवळे, चिकट झाले होते. वास येऊ लागला तेव्हा मी आधी जाळी तपासली, फळ्या तपासल्या, आणि मग त्याला उलटा धरून पाहिलं. कातडी लाल झाली होती.

तेव्हा शिड्या काढल्या, सगळं एका मजल्यावर आणलं. ट्रेची पुढची कड कापून अर्ध्या इंचावर आणली आणि तिला कापडी पट्टी चिकटवली. गोटा काढून तिथे चपटी फरशी ठेवली. फ्लीस सकाळ-संध्याकाळ बदलायचं. रोज रात्री ताटलीत कोमट पाणी घेऊन, फक्त मागचा भाग त्यात धरून, बोटांनी हळू धुवायचं आणि ओल अजिबात राहणार नाही असं पुसायचं. पहिल्या दिवशी त्याने बरीच धडपड केली. चौथ्या दिवसापासून तो फडक्यात गुंडाळल्यावर दात हलकेच घासायला लागला, करकर करकर, आणि त्याबरोबर डोळे बारीक आतबाहेर हलायचे. सुखात असलेला उंदीर असं करतो. जिरू तोवर शेजारी थांबायचा आणि मी खाली ठेवल्यावर त्याची पाठ चाटून सारखी करायचा.